कुटुंबाला मत नाही

आमच्या गावच्या लायब्ररीत, दारातून आत गेल्यावर डाव्या हाताला, एक काचेचं कपाट आहे. दर महिन्याला ते गावातल्या कुणाला तरी मिळतं. कुणी त्यात चहाच्या किटल्या मांडतं, कुणी आगगाड्यांची मॉडेलं. एकदा एका गृहस्थांनी नुसती कुलपं मांडली होती आणि ती फार चांगली होती. मी अर्ज केला आणि पावणेदोन वर्षं थांबले. मला ऑक्टोबर हवा होता, तोही राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीच्या वर्षातला. माझ्याकडे वीस वर्षं जमवलेले प्रचाराचे बिल्ले आहेत. ते एकदा तरी माझ्या शब्दांतल्या चिठ्ठ्यांसह लोकांनी पाहावेत, एवढी एकच हौस मी या देशात बाळगली होती. बाकीच्या हौशी नवऱ्याच्या आहेत आणि त्यांत एक मोटरबोटही येते.

आमचं गाव मिशिगनमधल्या नोव्हायपासून वीस मिनिटांवर आहे. इथले बरेचसे मराठी लोक करतात तेच मीही करते, म्हणजे मोटारींच्या पोटातल्या वायरी तपासते. पहिला बिल्ला मला ॲन आर्बरला मिळाला, विद्यार्थी असताना. थंडी होती, चौकात एका टेबलावर फुकट कॉफी होती, आणि मी कॉफीसाठी गेले होते. टेबलामागच्या मुलीने कॉफी देता देता माझ्या जाकिटाला बिल्ला टोचला. मी स्टुडंट व्हिसावर आहे, असं सांगेपर्यंत ती पुढच्या माणसाला टोचत होती. बसमध्ये बसल्यावर मी तो काढला आणि उलटा करून पाहिला. कडेवर मुंगीएवढ्या अक्षरांत छापखान्याच्या कामगार संघटनेची खूण होती. समोरच्या बाजूला देशाचं भवितव्य आणि कडेवर छापणाऱ्याची सही, हे मला आवडलं. उमेदवार पडला. बिल्ला राहिला.

पुढे वाचत गेले तसं लक्षात आलं, की या देशाच्या निवडणुकांचा इतिहास भाषणांपेक्षा भंगारातून जास्त चांगला कळतो. पहिल्या राष्ट्राध्यक्षाच्या शपथविधीला लोकांनी कोटाला पितळी गुंड्या शिवून घेतल्या. पुढे भोक पाडलेली पितळी नाणी आली, दोऱ्यात ओवून छातीवर अडकवायला. एका श्रीमंत उमेदवाराला विरोधकांनी झोपडीत राहणारा म्हणून हिणवलं, तर त्याच्या लोकांनी ती झोपडीच उचलली आणि रुमालांवर, थाळ्यांवर, नाण्यांवर ठोकली. माणूस मोठ्या घरात राहत होता. त्याच लोकांनी घोषणा लिहिलेला माणसापेक्षा उंच चेंडू गावोगाव ढकलत नेला, म्हणजे प्रचारसभा संपल्यावर कुणाला तरी चेंडू परत न्यायचा असे, आणि त्या माणसाचं नाव कुठल्याही पुस्तकात नाही. मग सेल्युलॉइडचे बिल्ले, मग पत्र्यावर छापलेले, मग कंगवे, काडेपेट्या, बाळाच्या आकाराचे साबण, आणि एका वर्षी तर उमेदवाराच्या नावाचे कागदी झगे. कागदी झगा पावसात घालता येत नाही, ही अडचण प्रचारप्रमुखाला सुचली नसावी.

हे सगळं फुकट वाटलं जाई किंवा नाममात्र दरात मिळे, आणि फेकून दिलं जाई. जे चुकून राहिलं त्याला किंमत आली. आता उलटं झालं आहे. मागच्या खेपेला मला दोन्हीकडचा एकेक साधा बिल्ला हवा होता. प्रचार कार्यालयात गेले तर तिथल्या तरुणाने मोबाइलवर स्कॅन करायचा एक चौकोन दाखवला आणि म्हणाला, "ऑनलाइन स्टोअरमध्ये आहे, मॅम. लिमिटेड एडिशन." नाव, पत्ता, ईमेल, फोन नंबर दिल्यावर बिल्ला आला, सोबत तो अस्सल असल्याचं प्रमाणपत्र. निवडणूक व्हायची होती, माणूस हरायचा होता की जिंकायचा होता हे ठरायचं होतं, आणि त्याची ऐतिहासिक आठवण माझ्या हातात होती, क्रमांकासह. तेव्हापासून मला दिवसाला सहा मेसेज येतात. दोन्ही बाजूंचे. दोन्ही बाजू मला मैत्रीण म्हणतात आणि आज मध्यरात्रीपर्यंत मी काही केलं नाही तर सगळं संपेल असं कळवतात. सकाळी उठून पाहावं तर संपलेलं नसतं.

हेच मला कपाटात मांडायचं होतं. गुंडीपासून प्रमाणपत्रापर्यंत, दहा चिठ्ठ्यांमध्ये.

लायब्ररीतल्या ज्या बाई कपाटाचं काम बघतात त्या अतिशय सौम्य आहेत. या देशात वीस वर्षांत "नाही" हा शब्द मी क्वचितच ऐकला आहे. त्याऐवजी तुमचं म्हणणं ऐकू येतंय असं सांगतात. बाईंना माझं फार ऐकू येत होतं. प्रथम त्यांनी चिठ्ठ्या लहान करायला सांगितल्या. मी केल्या. मग झोपडीच्या चिठ्ठीतलं "माणूस मोठ्या घरात राहत होता" हे वाक्य टीकेसारखं वाटतं म्हणाल्या. मी म्हटलं, "मरून पावणेदोनशे वर्षं झाली त्याला." त्या म्हणाल्या, "तरी." मग समितीने समतोल मागितला. या देशात दोन मोठे पक्ष, एकाचं चिन्ह हत्ती, दुसऱ्याचं गाढव. समितीने मोजलं तेव्हा माझ्याकडे सतरा हत्ती आणि चौदा गाढवं निघाली.

"तीन गाढवं अजून मिळतील का?" बाईंनी विचारलं.

"किंवा तीन हत्ती कमी करते."

"ते जास्त सोपं होईल," त्या कृतज्ञतेने म्हणाल्या.

असे तीन हत्ती माझ्या घरी परत आले, आणि तिथून पुढचं सगळं झालं.

त्या ऑगस्टअखेर बाबा आले होते, नागपूरहून, सहा महिन्यांसाठी. पोस्टमास्तर म्हणून रिटायर झालेला माणूस. पण पोस्टातून सुटल्यावरची त्यांची खरी नोकरी वेगळी होती. आमच्या वस्तीतल्या प्रत्येक निवडणुकीला बाबा बूथच्या बाहेर टेबल टाकून बसत, आणि त्याआधीचा महिनाभर वस्तीतल्या भिंतींवर निळीने हत्ती काढत. आपल्या चळवळीचं पहिलं चिन्ह हत्ती होतं, हे मला बाराखडीच्या आधी माहीत होतं. बाबांनी काढलेल्या हत्तीचे पाय जरा आखूड असत, कारण भिंतीच्या खालच्या भागात ओल असे आणि रंग धरत नसे. मतदार याद्या पाठ, कोण मेलं, कोण लग्न होऊन गेलं, कुणाचं नाव चुकीचं छापलं, सगळं जिभेवर.

मी परत आणलेले तीन हत्ती डायनिंग टेबलावर ठेवले होते. त्यांतला एक पत्र्याचा, निळ्या जमिनीवर पांढरा. बाबांनी चष्मा लावला.

"हा कोणाचा?"

"इथल्या एका पक्षाचा. आपला नाही, बाबा."

"हत्तीत बी आपला न् त्यांचा असते का?" त्यांनी बिल्ला उजेडात धरला. "सोंड वर करून राहिला. सर्कशीतला दिसते. आपला कसा शांत उभा असते. पण चालते. निळा तर आहे."

"आणि हे गाढव?" त्यांनी माझ्या पुस्तकातलं चित्र दाखवलं. "गाढव कोणी आपणहून घेतलं?"

"एकाला विरोधक गाढव म्हणून चिडवायचे. त्याने तेच लावून घेतलं."

"मग माणूस बरा होता."

माझी मुलगी, वय चौदा, फ्रीजमधून दूध काढत होती. ती म्हणाली, "आजोबा, दॅट्स नॉट अवर एलिफंट."

"एलिफंट इज एलिफंट," आजोबा म्हणाले.

तसे बिल्ले माझ्याकडे दोन होते. बाबांनी मागितला, मी दिला. कॉलनीत फिरायला जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या कोटावर काय आहे ते कोण बघतंय, असं मला वाटलं. वीस वर्षं बिल्ल्यांचा अभ्यास केलेल्या बाईला असं वाटावं, याचं मला अजून वैषम्य वाटतं.

सगळे बघत होते. बाबा सकाळी फिरून येत आणि सांगत, "लोक चांगले आहेत बेटा. कोपऱ्यावरचा तो ट्रकवाला आज गाडी थांबवून हात मिळवून गेला. अंगठा दाखवला." दुसऱ्या दिवशी, "ती कुत्रावाली बाई मात्र रोज हसत होती, आता दुसऱ्या फुटपाथने जाते. तब्येत बरी नसेल." कोपऱ्यावरच्या माणसाच्या अंगणात हत्तीवाल्या पक्षाच्या चार पाट्या होत्या. कुत्रावाल्या बाईंच्या खिडकीत दुसऱ्या बाजूची एक होती, पण मोठी. मी बाबांना दोनदा समजावून सांगितलं. त्यांना ते समजत होतं. मान्य नव्हतं.

"त्यांनी नंतर घेतला असेल," ते म्हणाले.

"आधी घेतलाय, बाबा. खूप आधी."

"मग दोघांचा आहे. मी कशाला काढू?"

कपाट मांडायच्या दिवशी मी अर्धा दिवस सुट्टी टाकली. बाबा पेट्या धरायला सोबत आले, कोट घालून, हत्ती लावून. मी हातमोजे घालून एकेक बिल्ला पिनांवर बसवत होते. सेल्युलॉइडला घामाचा हात लागला तर वर्षभराने तपकिरी डाग पडतो. पाठीमागे बाबा लोकांशी बोलत होते. मला आनंदच झाला. बाबांचं इंग्रजी पोस्टाचं आहे, कमी शब्दांत आणि खणखणीत. दुपारभरात दहाबारा माणसं थांबली असतील. त्यांतल्या कुणीतरी विचारलं असावं, की तुमच्या बिल्ल्याचा अर्थ काय. आणि बाबांनी खरं उत्तर दिलं. "धिस इज माय पार्टी. होल लाइफ आय वर्क फॉर धिस पार्टी. वन्स इट केम टु पॉवर, व्हेरी गुड वर्क." ते उत्तर प्रदेशाबद्दल बोलत होते.

चौथ्या दिवशी बाईंचा फोन आला. तक्रार आली होती. प्रदर्शन मांडणाऱ्या कुटुंबातली व्यक्ती कपाटाशेजारी उभी राहून एका पक्षाचा प्रचार करत होती, आणि आपण त्या पक्षाचे जन्मभराचे कार्यकर्ते आहोत असं तिने सांगितलं.

मी लगेच गेले. बाईंच्या छोट्या ऑफिसात बसून मी त्यांना सांगितलं, की माझे वडील अमेरिकन नागरिक नाहीत, ते सहा आठवड्यांपूर्वी विमानातून उतरले, तो हत्ती त्यांच्या लेखी भारतातल्या एका पक्षाचा आहे, आणि तिथे चिन्हं असतात कारण ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही मत देता यावं. बाईंनी सगळं लिहून घेतलं. त्यांचे डोळे खरोखर पाणावले. मग त्या म्हणाल्या, "हे फार सुंदर आहे. पण म्हणजे तो राजकीय बिल्लाच झाला ना?"

"हो, पण दुसऱ्या देशातला."

"आमच्या नियमात देशाचा उल्लेख नाही," त्या वाईट वाटून म्हणाल्या.

दोन दिवसांनी समितीने तोडगा काढला. कपाट राहील, एका अटीवर. काचेवर आतून एक छापील कार्ड लागेल आणि त्याखाली माझी सही असेल. कार्डावर एकच वाक्य होतं: या वस्तू मांडणाऱ्या कुटुंबाचं कोणतंही राजकीय मत नाही. महिन्याचे सव्वातीन आठवडे उरले होते. सहीला दोन सेकंद लागतात. मी मोटार कंपनीच्या कितीतरी कागदांवर याहून मोठ्या थापांखाली सही केली आहे. शुक्रवारपर्यंत कळवते म्हणून कार्ड घेऊन घरी आले.

बाबा टीव्हीवर त्या दिवशीची सभा बघत होते. फुगे पडत होते. या सभांना फुगे छताला जाळ्यात बांधून ठेवतात आणि उमेदवार बोलायचा थांबला की सोडतात. बाबांना ते फुगे फार आवडत. त्यांनी आवाज कमी केला.

"काय म्हणून राहिली तुझी लायब्ररी?"

मी कार्ड दिलं. त्यांनी वाचलं, पण माझ्याकडे परत देऊन म्हणाले, "मराठीत सांग."

मी सांगितलं, "या कुटुंबाला राजकीय मत नाही."

हा भाषांतराचा दोष म्हणता येईल. इंग्रजीत ओपिनियन वेगळं आणि व्होट वेगळं. आपल्याकडे दोन्हीला एकच शब्द. मनात असतं तेही मत आणि पेटीत पडतं तेही मत. मी पहिलं म्हटलं. बाबांनी दुसरं ऐकलं. किंवा दोन्ही ऐकली असतील. त्यांच्या आयुष्यात ती कधी वेगळी नव्हती.

"माझ्या आजाला मत नव्हतं," ते म्हणाले. "जमीन नव्हती, शाळा नव्हती, तर मत कुठून राहील? माझ्या बापाला मिळालं. पहिल्या निवडणुकीला तो आंघोळ करून, धोतर नेसून गेला होता, आठ मैल. आणि तू लिहून देऊन राहिली की आपल्या घराला मत नाही?"

"बाबा, तसं नाही ते. विचार, विचार नाही असं म्हणतात."

"ते तर त्याहून वाईट."

मी चिडले. पावणेदोन वर्षं थांबल्याचं सांगितलं. तो बिल्ला लावून तुम्ही तिथे उभे राहिला नसतात तर हे कार्ड आलंच नसतं, असंही म्हटलं, जे खरं होतं आणि म्हणायला नको होतं. बाबांनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

"कर सही," ते म्हणाले. "माझी गोष्ट राहू दे, मी पाहुणा आहे. तुझं तर खरंच आहे. वीस वर्षांपासून दुसऱ्यांचे बिल्ले जमवून राहिली. एक तरी लावला का?"

शुक्रवारी मी लायब्ररीत गेले. बाबा सोबत आले, हत्तीशिवाय. तो त्यांनी आपणहून काढून खिशात ठेवला होता, आणि ते बघून मला कार्डापेक्षा जास्त राग आला. मी बाईंना विचारलं, की वाक्य बदलता येईल का. "या कुटुंबाची मतं आहेत, ती या कपाटात नाहीत," असं मी सुचवलं. बाईंना ते आवडलं. पण शब्द समितीचे होते आणि समिती महिन्यातून एकदा बसते, पुढची बैठक नोव्हेंबरात.

"मग मी सामान काढून घेते," मी म्हटलं.

"मला तुमची निराशा ऐकू येतेय," बाई म्हणाल्या.

काढायला मांडण्यापेक्षा निम्मा वेळ लागला. चौदा हत्ती, चौदा गाढवं, पितळी नाणी, कंगवा, काडेपेट्या, प्रमाणपत्र. बाबांनी पेटी धरली. एक लहान मुलगी आईला विचारत होती, की इथे आता काय येणार. बाईंनी तिला सांगितलं, हॅलोवीनचे भोपळे.

गाडीत बसल्यावर पहिल्या सिग्नलला बाबांनी विचारलं, "मागच्या वेळी तू कोणाला दिलं होतं?"

नागरिकत्व घेऊन मला सात वर्षं झाली आहेत. हा प्रश्न मला नवऱ्याने कधी विचारला नव्हता, मुलीने नाही, मैत्रिणींनी तर नाहीच. इथे तो पगार विचारण्याइतका अशिष्ट समजतात. मी आरशात मागची गाडी बघितली.

"राष्ट्राध्यक्षासाठी कुणालाच नाही. मतपत्रिकेवरचा तो गोल रिकामा ठेवला."

"कोरा?"

"दोघेही पसंत नव्हते, बाबा. फुगे, टोप्या, लिमिटेड एडिशन. मला दोघांचाही वीट आला होता. खालचं सगळं भरलं. शाळेचं मंडळ, न्यायाधीश, लायब्ररीसाठी घरपट्टी वाढवायची का, तेही."

"कोरा," बाबा पुन्हा म्हणाले. सिग्नल हिरवा झाला. "मी काय दर वेळी पसंत पडलेल्याला देलं का? आमचा एक उमेदवार तर पक्का चोर होता, मला चांगलं माहीत होतं. तरी मी भिंती रंगवल्या. कारण दुसरा आमच्या वस्तीत पाणी येऊ देत नव्हता."

"चोराला मत देण्यापेक्षा कोरं बरं."

"कोऱ्याने पाणी येते का?"

मी म्हटलं, इथे पाणी येतं. ते म्हणाले, सगळ्यांच्या घरी येते का, ते तू बघून आली का? मी म्हटलं, तुम्ही सहा आठवडे राहून मला हा देश शिकवू नका. ते म्हणाले, मी देश नाही शिकवत, मी तुला बूथ शिकवून राहिलो. दोन्ही उमेदवारांबद्दल मी वीस वर्षांत कुणालाही न बोललेलं सगळं बोलले, मोठ्याने, मराठीत, आणि बाबांनी त्यातलं अर्धं खोडून काढलं, काही ठिकाणी चुकीच्या माहितीवर. मी आमचं वळण चुकले. परत फिरून कॉलनीत आलो तेव्हा कुत्रावाल्या बाई फुटपाथवर होत्या आणि बंद काचेतूनही त्यांना ऐकू गेलं असावं, कारण त्या थांबून बघत राहिल्या.

गॅरेजमध्ये गाडी घेतली, इंजिन बंद केलं. पेटी मागच्या सीटवर होती. बाबांनी पट्टा सोडला नाही.

"म्हणजे लायब्ररीला देलं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि पास झालं?"

"झालं. थोडक्या मतांनी."

बाबा हसू लागले. मला हसू येत नव्हतं. मी त्यांना म्हटलं, उतरा आता, पण ते म्हणाले, थांब, आधी या वर्षीचं सांग, कोणाला देणार आणि का, आणि ते ऐकल्याशिवाय ते पट्टा सोडायला तयार नव्हते.